बाबांचा उपास

पाऊस यायच्या आधी वेलचेरीतल्या गाड्या पुलावर जातात. हवामान खात्याचा इशारा आला की संध्याकाळपर्यंत उड्डाणपुलाच्या कडेने गाड्यांची लांबच लांब ओळ लागते. तळघरात पाणी भरलं तर भरो, गाडी वाचली पाहिजे. काल निखिल आमची गाडी तिकडे लावून चालत परत आला. बूट दाराबाहेर काढता काढता म्हणाला, सुरू झालं यंदाचं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. पाऊस अजून पडायचा होता, पण हवा जड झाली होती, दोरीवरचे टॉवेल दुपारपासून वाळत नव्हते, आणि मला बाबांच्या पंच्याचा वास आला. बाबा जाऊन तीन वर्षं होतील येत्या जानेवारीत. पंचा कधीच कुणाला तरी देऊन टाकला आहे.

इथला पाऊस उलटा. वसईला आमच्या वाडीत केळीच्या पानांवरून शेवटचं पाणी निथळून जातं, तेव्हा चेन्नईचं आभाळ भरायला लागतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, अर्धा डिसेंबर. मग एकदम कोवळं ऊन, दारोदारी रांगोळ्या आणि पोंगलचे ऊस. माझ्या मनात या साऱ्या दिवसांना मिळून एकच नाव आहे: बाबा आले होते ते दिवस.

बाबा म्हणजे वसईतल्या मराठी शाळेचे निवृत्त मास्तर. रोज सकाळी सहाच्या मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला, जाणारे. गावात चर्चची घंटा आणि बाबांच्या सायकलची घंटा पाठोपाठच वाजायची. पाऊस असो, ताप असो, आई बाळंतपणाला माहेरी गेलेली असो, बाबांनी ख्रिस्तशरीर घेतलं नाही असा दिवस नसायचा. पांढरी, पातळ, रुपयाएवढी ती भाकर जिभेवर घेऊन ते जागेवर परत येत, गुडघे टेकत आणि डोळे मिटून घेत. लहानपणी मी शेजारून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असे. घरी आईने वाढलेलं जेवतानाही त्यांचा चेहरा इतका निवांत कधी दिसला नाही.

त्या बाबांशी माझं चार वर्षं धड बोलणं नव्हतं. माझं पहिलं लग्न आमच्या गावच्या चर्चमध्ये झालं होतं, तीनशे माणसं जेवली होती. ते मोडलं. कोर्टाने घटस्फोट दिला, मी नोकरी घेऊन चेन्नईला आले, आणि इथे माझ्यासारखाच महाराष्ट्रातून आलेला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला साताऱ्याचा निखिल मला भेटला. आम्ही रजिस्टर लग्न केलं. बाबा आले नाहीत. आई गुपचूप फोन करायची. मग आईही गेली. तिच्या मातीला मी गेले तेव्हा बाबा माझ्याशी बोलले ते इतकंच, की उन्हात उभी राहू नकोस.

त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. माझा भाऊ मार्शल दुबईला. वाडीत एकट्याने ऑपरेशन करून घेणं शक्य नव्हतं. मार्शलने माझ्याशीही बोलणं केलं, त्यांच्याशीही, आणि ऑक्टोबरच्या एका ढगाळ दुपारी बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून माझ्याकडे आले. हातात पिशवी, पिशवीत सुकेळ्यांची पुडकी. उन्हात वाळवून पानात बांधलेली आमच्याकडची ती केळी मी किती वर्षांनी बघत होते. निखिलला त्यांनी हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, तुम्हाला त्रास देतोय.

ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे होते. मला नेम जमेना, म्हणून ते काम निखिलकडे गेलं. बाबा खुर्चीत डोकं मागे टाकून बसत, निखिल एका बोटाने त्यांची पापणी ओढून धरी आणि थेंब सोडी. पहिले काही दिवस दोघंही एक शब्द बोलत नसत. मग एके सकाळी मी ओट्यापाशी असताना बाबांचा आवाज आला, "निखिल, आज आधी डाव्या डोळ्यात घाल." त्यांनी घाला म्हटलं नाही, घाल म्हटलं. मी गॅस बंद केला.

बाबा इथे येऊन एक तमिळ शब्द शिकले, नंद्री. म्हणजे आभार. चर्चमध्ये तो सारखा कानावर पडायचा, म्हणून त्यांनी अर्थ विचारून घेतला. मग दूधवाल्याला नंद्री, लिफ्टमधल्या मुलीला नंद्री, चर्चच्या फाटकापाशी मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या सेल्वी अक्काला नंद्री. तमिळ माणसं हा शब्द उठसूट वापरत नाहीत, तो भाषणातला शब्द आहे. सेल्वी अक्का पदर तोंडाला लावून हसायची आणि बाबांना एक फूल फुकट द्यायची. ते तिला पुन्हा नंद्री म्हणायचे. इंग्रजी मिस्सा असतानाही बाबा मला तमिळ मिस्साला घेऊन जात. म्हणायचे, शब्द कळत नाहीत त्यामुळे लक्ष लागतं. पुढे काय होणार ते तर पाठ आहेच.

एकदा चालत घरी येताना त्यांनी मला शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं होतं की मिस्साच्या या विधीचं मूळ ग्रीक नावच मुळी आभार असं आहे. धरून नेलं त्याच रात्री प्रभूने भाकर हातात घेतली आणि आधी काय केलं, तर आभार मानले. मग मोडली. मी ऐकून घेतलं. मला तेव्हा कुणाचेच आभार मानावेसे वाटत नव्हते.

माझी अडचण अशी. आमच्या चर्चच्या नियमाप्रमाणे पहिलं लग्न चर्चमध्ये लागलेलं असेल आणि चर्चने ते रद्दबातल ठरवलं नसेल, तर दुसऱ्या नवऱ्यासोबत संसार करणाऱ्या बाईला ख्रिस्तशरीर घेता येत नाही. कोर्टाचा कागद तिथे चालत नाही. तिने मिस्साला यावं, गाणी म्हणावीत, प्रार्थना करावी. फक्त जेवायची वेळ झाली की उठू नये. मी वर्षानुवर्षं तेच करत आले होते. सगळा बाक उठायचा, मी गुडघे एका बाजूला वळवून लोकांना वाट करून द्यायचे, आणि रिकाम्या बाकावर मी आणि लोकांच्या छत्र्या एवढेच उरायचो. चर्चच्या न्यायमंडळाकडे अर्ज करता येतो हे मला माहीत होतं. पण त्या अर्जात पहिल्या घरात काय काय झालं ते सगळं लिहावं लागतं. ते मी निखिललाही पूर्ण सांगितलेलं नव्हतं.

सुरुवातीचे रविवार बाबा उठून जात, येत, शेजारी गुडघे टेकत. मी समोर बघत बसे. मग आगमनकाळ लागला, नाताळच्या आधीचे ते चार आठवडे. वेदीपाशी जांभळी मेणबत्ती पेटली. बाहेर धो धो पाऊस, पंख्यांच्या वाऱ्याने ओल्या साड्यांचा वास आतभर पसरलेला. बाक उठला. बाबा उठले नाहीत. त्यांनीही माझ्यासारखेच गुडघे बाजूला घेतले आणि लोकांना वाट करून दिली. मी विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतोय.

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. अधल्यामधल्या दिवशी सकाळचा मिस्सा ते चुकवत नव्हते, पण सेल्वी अक्काच्या गजऱ्यांपर्यंत भराभर चालणारा गुडघा वेदीपर्यंत कसा दुखतो ते मला कळेना. एका सकाळी मी त्यांच्या पाठोपाठ गेले आणि मागच्या खांबाआड उभी राहिले. वीसेक माणसं होती. सगळी पुढे गेली. माझे बाबा एकटे बाकावर बसून होते, मांडीवर हात ठेवून, एखाद्या लग्नात ओळखीचं कुणी नसलेल्या पाहुण्यासारखे.

त्या दुपारी ते टेबलापाशी लसूण सोलत होते. मी समोर बसले आणि सरळ विचारलं. त्यांनी पाकळी वाटीत टाकली.

"बाय, तू उपाशी बसलेली असताना मी पानावर कसा बसू?"

मला राग आला. इतका, की माझा आवाज चढला. मी म्हटलं की हे तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवताय. मी चार वर्षं एकटी बसत होते तेव्हा तुम्ही तिकडे रोज घेतच होतात ना. आता माझ्या शेजारी बसून माझा अपराध दुप्पट का करताय. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. लसूण सोलून झाल्यावर सालं गोळा करून टेबल पुसलं.

मी फादरना गाठलं. ते आमच्याच वयाचे, मवाळ बोलणारे. त्यांनी बाबांना बोलावून समजावलं, की मुलीसाठी उपाशी राहावं असा काही नियम नाही, उलट तुम्ही तिच्या वतीने घ्या. बाबा इंग्रजीत थँक यू फादर म्हणून आले. नाताळच्या सकाळी नवा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. चर्च भरलेलं होतं, लोक दारापर्यंत उभे होते, रांगा संपता संपत नव्हत्या. त्या सगळ्या लगबगीत आम्ही दोघं बसलेले. ते माझ्याकडे बघत नव्हते, मी त्यांच्याकडे. घरी आल्यावर नेवऱ्या तळता तळता मला रडू आलं आणि निखिलने माझ्या हातातला झारा काढून घेतला.

नाताळनंतर पाऊस थांबला. एके दुपारी बाबा गॅलरीत ऊन खात बसले होते. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"तुला परत सोडायला मीच आलो होतो," ते म्हणाले.

ते कशाबद्दल बोलताहेत ते मला लगेच कळलं. पहिल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी सुजलेलं मनगट घेऊन घरी आले होते. आईने हळद लावली. बाबा रात्रभर फेऱ्या घालत राहिले आणि सकाळी म्हणाले की लग्न हा संस्कार आहे, तो असा टाकून येता येत नाही. त्यांनी स्वतः मला रिक्षाने सासरी नेलं, केळीचा घड सासूच्या हातात दिला, चहा घेतला आणि निघाले. मी वरच्या गॅलरीतून बघत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर मी त्या घरात आणखी चौदा महिने राहिले. पुन्हा घर सोडलं तेव्हा माहेरी गेले नाही.

बाबा चहाकडे बघत बोलत होते. म्हणाले की दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्साला गेलो, ख्रिस्तशरीर घेतलं. तिसऱ्या दिवशीही. तू तिथे होतीस आणि मी रोज घेत होतो, बाय. मला काही वाटलं नाही. मला वाटायचं मी बरोबर केलंय. इथे आलो, तुला बाकावर एकटी बसलेली बघितली, आणि ती भाकर माझ्या घशातून उतरेना. फादरकडे मी कुमसार केला आहे, माझं पाप सांगितलं आहे. त्यांनी क्षमा दिली. पण ज्याला लागलं त्याने अजून दिलेली नाही.

खाली कुणीतरी मोटारसायकल धूत होतं. मला त्यांचा हात धरता आला असता. मी तुमच्यावर रागावले नाही असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं, पण म्हणता तर आलं असतं. बाबांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला. मग मास्तरांच्या आवाजात म्हणाले, तू अर्ज कर. मी साक्ष देईन. जे पाहिलं ते आणि जे केलं ते, दोन्ही सांगेन.

मी म्हटलं, पोंगल होऊ दे.

ते लगेच हो म्हणाले. तुला जमेल तेव्हा, म्हणाले.

पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, इथे पहाटे लोक दारात जुन्या वस्तू जाळतात. गल्ल्या धुराने भरतात. बाबा तो धूर बघायला गॅलरीत गेले. मी आतून कप फुटल्याचा आवाज ऐकला. निखिलने त्यांना उचललं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात लोंबत होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांनी एकदा डोळे उघडले, ऑपरेशन झालेले ते स्वच्छ डोळे, आणि माझ्याकडे बघितलं. काही म्हणायचं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी फादरना आणायला चर्चमध्ये गेले. पोंगलचा मिस्सा नुकताच संपला होता. पीक हाती आल्याबद्दल आभार मानायचा तो दिवस. आवारात विटांच्या चुली, चुलींवर मडकी, मडक्यांना हळदीची रोपं बांधलेली. दूध उतू गेलं की बायका पोंगलो पोंगल असं ओरडत. धूर, गूळ, तूप, उसाच्या मोळ्या, नव्या साड्या. फादर आत पिशवी घ्यायला गेले तेवढ्यात सेल्वी अक्काने मला पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं. तिने गोड पोंगलचा, म्हणजे गुळाच्या भाताचा, द्रोण माझ्या हातात ठेवला आणि खुणेने विचारलं, अप्पा कुठे आहेत. मी द्रोण घेतला. तिथे कुणी कुणाला विचारत नव्हतं की तू घेऊ शकतेस का. जो आवारात आला त्याला मिळत होतं.

रिक्षात फादर शेजारी बसले होते. द्रोण माझ्या मांडीवर होता, गरम. मी खाल्लं नाही.

फादरनी बाबांच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना अखेरच्या विधीचं तेल लावलं. त्यांच्या खिशात छोटी गोल डबी होती, तिच्यात ख्रिस्तशरीर होतं. ते नर्सशी बोलले. नर्सने मान हलवली. बाबांच्या घशात नळी होती, गिळण्याची शुद्ध नव्हती. फादर जरा वेळ डबी हातात धरून उभे राहिले आणि मग त्यांनी ती परत खिशात ठेवली. साठ वर्षं रोज खाल्लेलं अन्न दोन हातांवर होतं, आणि ते बाबांना देता आलं नाही. ते उपाशीच गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी.

मातीला वसईला गेलो. मार्शल दुबईहून आला. मिस्सा चालू असताना सगळं गाव रांगेत उठलं. मी आणि निखिल पहिल्या बाकावर, शवपेटीच्या अगदी जवळ, बसून राहिलो. दफनानंतर मार्शल मला विहिरीपाशी घेऊन गेला. त्याला फोनवर बाबांनी सगळं सांगितलेलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "तू एक अर्ज लिहिला असतास तर ते जेवून गेले असते." मग तो तोंडावर पाणी मारत राहिला.

अर्ज मी नंतरही दीड वर्षं केला नाही. लोकांना वाटलं दुःखामुळे. खरं कारण वेगळं होतं. आता त्यात बाबांचंही नाव लिहावं लागणार होतं. साक्षीदार कोण, घरच्यांना माहीत होतं का, त्यांनी काय केलं, हे सगळे प्रश्न त्यात आहेत. बाबा असते तर त्यांनी स्वतः सांगितलं असतं, स्वतःच्या तोंडाने, ताठ बसून. ते नसताना मी लिहायचं म्हणजे मेलेल्या माणसावर बोट ठेवायचं. माझा राग अजून उरला होता, आणि उरला होता म्हणूनच मला तो कागदावर नको होता. रविवारी मी बाकावर बसायचे. नंद्री हा शब्द आला की ओठ मिटून घ्यायचे.

गेल्या वर्षी मार्शलने फोन केला. म्हणाला, त्या दिवशी तुझं मनगट मीपण पाहिलं होतं. मी अठरा वर्षांचा होतो, मी गप्प बसलो. साक्ष पाहिजे असेल तर मी येतो. त्याचा आवाज बाबांसारखा झाला आहे. मी अर्ज टाकला.

यंदा जुलैत मला जबाबासाठी बोलावलं. एक जुनं कार्यालय, भिंतीवर क्रूस, खिडकीबाहेर चिंचेचं झाड. समोर वयस्क फादर, कानात यंत्र लावलेले. ते विचारत, मी सांगे, ते स्वतःच दोन बोटांनी टाईप करत. मनगट सांगितलं. चौदा महिने सांगितले. त्यांनी विचारलं, घरी कुणाला माहीत होतं का. मी म्हटलं, हो. माझ्या वडिलांना माहीत होतं. त्यांनी मला परत नेऊन सोडलं.

हे वाक्य मी तोपर्यंत कधी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. म्हटल्यावर मला वाटलं होतं की काहीतरी हलकं होईल. नाही झालं. फादर टाईप करत होते. ते थांबल्यावर मी म्हटलं, पुढे लिहा, की त्यानंतर नऊ वर्षांनी ते माझ्या शेजारी येऊन बसले. सात आठवडे त्यांनी ख्रिस्तशरीर घेतलं नाही, कारण मला घेता येत नव्हतं. आणि ते तसेच गेले.

फादरनी चष्मा काढला. म्हणाले की या वाक्याचा खटल्याला उपयोग नाही, ते वगळलं तरी चालेल.

"असू द्या, फादर," मी म्हटलं. "बाबा दोन्ही सांगणार होते."

त्यांनी पुन्हा चष्मा लावला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, ते वाक्य टाईप केलं. मग कागद माझ्याकडे सही करायला सरकवला. निकाल अजून यायचा आहे.